आग्या बसलाय शाळेच्या वाटेवर: मोहोळ कधी उठतं आणि का?

सड्यावरचा

राजापूर तालुक्यातली आमची वाडी. घरं आणि शाळा यांच्या मधल्या वाटेवर एक जुनाट रायवळ आंबा आहे. त्याच्या आडव्या फांदीला दिवाळीनंतर आग्या (उघड्यावर पोळं टांगणारी मोठी रानटी मधमाशी) येऊन बसतो. यंदा तीन पोळी आहेत. इतकी वर्षं काही झालं नाही, पण गेल्या आठवड्यात भर दुपारी माश्या उठल्या आणि वाटेने जाणाऱ्या एका काकींना व दोन पोरांना फोडून काढलं. काकींना दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बऱ्या आहेत.

त्यावरून वाडीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, रात्री झावळांच्या चुडी पेटवून सगळं जाळून टाकू. दुसरा म्हणतो, मोहोळ जाळणं पाप, गप्प बसा. आमच्या तात्यांच्या (चुलते) परसात सातेरीच्या (पेटीत पाळतात त्या मधमाशीच्या) पेट्या आहेत, ते उघड्या हातांनी चौकटी उचलतात. त्यांचं म्हणणं, कोणी खोडी काढल्याशिवाय माशी उठत नाही. काकी शपथेवर सांगतात की त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं.

तेव्हा जाणकारहो, खोडी काढली नाही तरी आग्या उठतो का? सातेरी आणि आग्या यांच्यात एवढा फरक का? आणि आता करायचं काय? मी ठाण्यात बसून फोनवरून पंचायत करतोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगा.

वेंगुर्ल्याचो

आमच्या आगरात दरवर्षी येतत. गप ऱ्हवा. पावसाआदी आपसूक जातत.

कडूगोड

वेंगुर्लेकर, तुमच्या आगरातून शाळेची वाट जात नाही हो. पोरांच्या आईबापांनी काय करायचं तोवर?

मधाळ गुहागरी

सड्यावरचा, तुमच्या काकी आणि तात्या दोघंही बरोबर असू शकतात. खोडी काढलेली असते, पण काढणारा दुसराच असतो.

कोकणात चार जातीच्या माश्या सहज दिसतात. आग्या, सातेरी, फुलोरी आणि बिननांगीची कोती. प्रत्येकीची घर राखण्याची रीत ती कुठे राहते यावर ठरते. सातेरी झाडाच्या ढोलीत, वारुळात, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) पोटात राहते. एकच अरुंद दार, तिथे पाच-पंचवीस पहारेकरी उभे केले की भागतं. आग्याला ना दार ना भिंत. एकच पोळं, कधी मीटरभर रुंद, उघड्यावर टांगलेलं. म्हणून तो माश्यांचीच भिंत करतो. पोळ्यावर जे काळपट, लोंबणारं आवरण दिसतं ते पोळं नव्हे, एकमेकींना धरून थरांवर थर बसलेल्या कामकरी माश्या. वसाहतीतल्या बहुतेक माश्या या पडद्यातच असतात. त्या तिथे फुकट बसलेल्या नाहीत, ती राखीव फौज आहे. म्हणून सातेरी उठली तर दहा-वीस माश्या येतात आणि आग्या उठला तर क्षणात शेकड्यांनी.

पण लगेच उठत नाही, हे महत्त्वाचं. तात्यांना सांगा, दुर्बीण घेऊन लांबून बघा. पोळ्याजवळून गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की पडद्यावर एक लहर सरकते, वाऱ्याने भातशेतात जावी तशी. माश्या एकापाठोपाठ एक पोटाची टोकं वर उडवतात. एकही माशी जागा सोडत नाही. गांधीलमाशीला त्या हलत्या पडद्यातून एकटी माशी टिपता येत नाही आणि ती मागे सरते. यावर नेपाळमध्ये चित्रीकरण करून नीट अभ्यास झालेला आहे.

पक्षी मात्र या लहरीला भीक घालत नाहीत. मोहोळघार आली की ती सरळ पोळ्यावर पाय मारते, तुकडा तोडते आणि निघून जाते. तिच्या तोंडाभोवतीची पिसं आखूड आणि खवल्यांसारखी दाट असतात, नांगी सहजी लागत नाही. माश्या तिच्यामागे लागतात, ती उंच निघून जाते, आणि खवळलेल्या माश्यांना खाली जे काही हलताना दिसतं ते सापडतं. त्या दिवशी काकी होत्या. भर दुपारी, काही कारण नसताना उठल्या म्हणता, तर मला पहिला संशय घारीचा. दुसरा संशय धुराचा: जवळ कोणी भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळणं) केली होती का? तिसरा, अर्थात, दगड मारणाऱ्या पोरांचा. ती दोन पोरं काय करत होती, विचारलंत का?

सड्यावरचा

पोरं साळसूद आहेत असं त्यांच्या आया सांगतात. :)

भाजावळीचा काळ नाही अजून. घार बघायला सांगतो. पण खाली दुसरी माणसंही होती, पाणंदीत बैल होता. सगळ्या माश्या काकींनाच का धरून बसल्या?

मधाळ गुहागरी

त्याला कारण आहे. माशी चावली की नांगीशी असलेल्या ग्रंथीतून एक वास सुटतो. त्यातला मुख्य घटक आयसोअमाइल अॅसिटेट, पिकलेल्या केळ्याच्या वासातही हाच असतो. बाकी माश्यांना त्याचा अर्थ एवढाच: शत्रू इथे आहे, इथेच मारा. पहिली नांगी बसली की त्या जागेवर खूण पडते, दुसरी माशी तिथेच येते, खूण आणखी गडद होते. शेजारचा माणूस कोरडा राहतो आणि एकालाच पन्नास चावतात ते यामुळे. काकींनी हात झाडले असणार, डोक्यावर मोकळे केस असणार. माश्यांना गडद रंग, केस, झपाट्याची हालचाल आणि श्वासाची हवा या चार गोष्टी खटकतात. डोकं, डोळे आणि तोंड यावरच आधी येतात ते म्हणूनच.

सावली

म्हणजे केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नये म्हणतात ते खरं? आमच्या आजी सांगायच्या, आम्ही हसायचो.

मधाळ गुहागरी

सावलीताई, खरं. मी पेट्या उघडायच्या दिवशी केळं खात नाही. बागेत केळीचा घड पिकत असेल तर पेटी लांब ठेवतो.

चिकित्सक

एक शंका. चावल्यावर माशी मरते. मग शेकड्यांनी चावायला येणं हे त्यांना परवडतं कसं? निसर्गात असा आत्मघात टिकायला नको.

मधाळ गुहागरी

आधी एक दुरुस्ती: चावल्यावर दरवेळी मरत नाही. कामकरी माशीच्या नांगीला मागे वळलेले काटे असतात. ती दुसऱ्या किड्याला डसली तर नांगी न तुटता बाहेर निघते. आपली कातडी जाड आणि चिवट, तिच्यात काटे अडकतात आणि उडताना नांगी, विषाची पिशवी, थोडं आतडं असं सगळं तुटून मागे राहतं. तुटलेल्या नांगीत स्वतःचे मज्जातंतू असतात, ती माशी गेल्यावरही आत रुतत राहते आणि विष सोडत राहते. राणीच्या नांगीला काटे नावापुरतेच, आणि ती तिचा उपयोग दुसऱ्या राणीवर करते. नराला नांगीच नाही.

आता परवडण्याचं. कामकरी माशी सहसा अंडी घालत नाही. तिचं रक्त पुढे जातं ते आईच्या, म्हणजे राणीच्या, अंड्यांतून. पोळं वाचलं तर तिचं सगळं वाचलं. आणि पहाऱ्यावर जाणाऱ्या माश्या कोवळ्या नसतात. आधी पिल्लांना भरवणं, मग पोळं बांधणं, त्यानंतर पहारा आणि शेवटी फुलांवर जाणं असा साधारण क्रम. ज्यांचे थोडेच आठवडे उरलेत त्या जीव टाकतात. हिशेब पक्का आहे.

म्हणूनच पोळ्यात राखण्यासारखं किती आहे त्यावर माश्यांचा राग ठरतो. आकाराने मोठी, मध आणि पिल्लांनी भरलेली वसाहत तिखट असते. नुकताच येऊन बसलेला थवा, ज्याच्याकडे अजून पोळंच नाही, तो बहुधा गाईसारखा असतो. (तरी हात घालू नका. लग्नाच्या मांडवाला लोंबलेल्या थव्यापुढे फोटो काढणारे महाभाग पाहिलेत मी.)

दवाखानावाला

मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो, त्यामुळे धाग्यात थोडी घुसखोरी.

नांगी कशी काढायची यावर वाद घालत बसू नका. चिमटीने धरू नये, खरवडूनच काढावी हे खूळ लोकांच्या डोक्यात बसलंय. कशीही काढा, पण लगेच काढा, विष आत जायला अर्धा-एक मिनिट पुरतं. नखाने, विळीच्या पात्याने, हाताला येईल त्याने. मग साबणाने धुवा, बर्फ लावा. चुना, लोखंड घासणं, कांदा, माती, हे सगळं कातडीच्या वर राहतं, विष आत असतं. माती तर नकोच.

आता खरा मुद्दा. दोन वेगळी संकटं आहेत. पहिलं अॅलर्जीचं, त्याला एक माशीही पुरते. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वासाला त्रास, उलटी, भोवळ, यातलं काही दिसलं तर गाडी काढा आणि दवाखाना गाठा. तिथे अॅड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत देतात, तेच जीव वाचवतं. अॅव्हिलची गोळी घरात चघळत बसून वेळ घालवू नये. आणि "मला आधी चावलीय, काही होत नाही" ही खात्री देऊ नका, आधी काही न झालेल्यालाही पुढच्या वेळी होऊ शकतं. जरा बरं वाटलं म्हणून लगेच घरी पळू नका, काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

दुसरं संकट संख्येचं. आग्या शेकड्यांनी चावला तर अॅलर्जी नसली तरी विषाचाच डोस मोठा होतो. रक्तपेशी फुटतात, स्नायू झिजतात, मूत्रपिंड बंद पडतात. रुग्ण पहिल्या दिवशी बोलत असतो, मग लघवी गडद तपकिरी आणि कमी व्हायला लागते. म्हणून पन्नासच्या वर चावल्या असतील, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर बरं वाटत असलं तरी रक्त-लघवी तपासून घ्या.

कडूगोड

डॉक्टर, उपयोगाचं सांगितलंत. आता माझा आग्रह परत मांडतो, राग नको. हे सगळं ऐकून तर माझं मत पक्कं होतंय की शाळेच्या वाटेवर ते पोळं नकोच. घार येणार, पोळं उठणार, पोरं खाली. निसर्गप्रेम शहरातल्यांना सोपं असतं. चुडी पेटवा आणि विषय संपवा.

मधाळ गुहागरी

कडूगोड, राग मुळीच नाही. पोरं आधी, हे मान्य. पण चुडींनी विषय संपत नाही.

रात्री माश्या झोपलेल्या असतात हा समज आग्यापुरता तरी सोडा. चांदणं असेल तर आग्या रात्रीही फुलांवर जातो. अंगणातल्या ट्यूबलाइटखाली सकाळी मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो तो बहुतेक यांचाच. उजेड दिसला की उजेडाकडे धाव. चूड पेटवली की काही जळतात, बाकीच्या चुडीकडे, बॅटरीकडे, जवळच्या घराच्या दिव्याकडे येतात आणि अंगावर, कपड्यांत, अंथरुणात शिरतात. उरलेल्या सकाळी पुन्हा त्याच फांदीला लटकतात, आता घर नसलेल्या आणि चिडलेल्या. वर त्या रायवळाला आग लागायची ती वेगळी. आणि तीन पोळ्यांपैकी एक जाळलंत तर बाकीची दोन गंमत बघत बसणार नाहीत.

माझा सल्ला: वाट बदला. पोरांना तेवढे महिने वळसा घालून न्या, झाडाभोवती लांबून दोरी लावा, ग्रामपंचायतीकडून पाटी मारून घ्या. झाडाखाली गुरं बांधू नका, शेकोटी, फटाके नकोत. वेंगुर्लेकरांनी एका ओळीत सांगितलं ते खरंच आहे. पावसाआधी आग्या घाटाकडे निघून जातो. गेला की लगेच जुनं पोळं खरवडून काढा, शाळेच्या अंगाची ती फांदी छाटून टाका. आग्या वर्षानुवर्षं त्याच झाडाला परत येतो, पण फांदीच नसली तर दुसरी बघतो. अगदीच थांबता येत नसेल तर पोळी काढणारे जाणते लोक असतात, पूर्ण पोशाख घालून, वाडी घरात बंद ठेवून करतात. हे काम हौशी मंडळींचं नाही.

आणि समजा उठलाच, तर: तोंड-डोकं पदराने, दप्तराने झाका, सरळ पळा, मागेपुढे नाही. बंद खोली किंवा गाडी गाठा, दोन-चार माश्या आत आल्या तरी दार लावा. विहिरीत, तळ्यात उडी मारायची नाही. माश्या वर घोटाळत राहतात, तोंड वर काढलं की आहेतच, आणि कितीजण त्या घाबरगुंडीत बुडतात. हात झाडायचे नाहीत. आणि माणसांच्या घोळक्याकडे तर मुळीच पळायचं नाही.

कडूगोड

फांदी छाटायची गोष्ट पटली. पाटी वाचून पोरं दगड मारायला मुद्दाम येतील, पण ठीक आहे.

आगरवाडी

दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पिवळे ठिपके पडतात ते यांचेच का? आमच्याकडे एका संध्याकाळी सगळे पापड गेले.

मधाळ गुहागरी

हो. आग्या घोळक्याने बाहेर पडून एकदम शी करून परत येतो. निरुपद्रवी आहे. पापडांचं दुःख समजू शकतो.

चिकित्सक

सातेरीबद्दल लिहा की. गांधीलमाशीला भाजून मारते असं ऐकलं होतं, अतिशयोक्ती वाटली.

मधाळ गुहागरी

अजिबात नाही. माझ्या पेट्यांवर भाद्रपदात, फुलोरा कमी असताना, गांधीलमाश्यांचा जोर असतो. ती दारासमोर हवेत स्थिर राहते आणि परतणाऱ्या, परागाने जड झालेल्या माशीला झडप घालते. सातेरीचे पहारेकरी आधी दाराच्या फळीवर गोळा होऊन एकदम अंग हलवतात. तुला बघितलंय, आता निघ, असा तो निरोप. बहुतेकदा ती निघते. एखादी धीट फळीवर उतरते. मग जे होतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत. एक माशी तिचा पाय धरते, आणि दुसऱ्या क्षणी तिथे गांधीलमाशी दिसतच नाही, माश्यांचा लिंबाएवढा गोळा दिसतो, गच्च आणि थरथरणारा. नांग्या मारत नाहीत, गांधीलमाशीच्या कवचातून त्या फारशा जात नाहीत. पंख न हलवता उडण्याचे स्नायू चालवून अंगची ऊब वाढवतात. गोळ्याच्या पोटात तापमान ४५-४६ अंशांवर जातं, कार्बन डायऑक्साइडही साठतो. गांधीलमाशी तेवढ्यात मरते. सातेरी त्याहून तीन-चार अंश जास्त सोसते. सगळं त्या फरकावर आहे. गोळा सुटला की खाली एक ओलसर, निपचित गांधीलमाशी पडलेली असते आणि माश्या काही झालंच नाही अशा कामाला लागतात. जपानमधल्या सातेरीवर हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं, आपल्याकडचीही तेच करते.

तिची दुसरी सवय तात्यांना माहीत असेल. पेटीवर टिचकी मारली की आतून "सूऽऽ" असा एकच आवाज उठतो आणि लगेच थांबतो. हजारो माश्या एका वेळी पंख हलवतात. ढोलीत तोंड घालणाऱ्या जनावराला तो फुत्कार वाटत असणार.

आणि तिसरी, पाळणाऱ्याच्या जिवावर येणारी: लढणं परवडत नसेल तर सातेरी घरच सोडते. पावसाळ्यात खायला नाही, मेणअळीने पोळं पोखरलं, मुंगळे किंवा ओंबील (झाडावरच्या तांबड्या मुंग्या) शिरले, की एक दिवस पेटी रिकामी. म्हणून पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, पावसात साखरेचा पाक द्यायचा, रिकामी पोळी काढून घ्यायची. मुंगीशी उघड्यावर कसं लढायचं हे फुलोरी शिकवते. ती पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर चिकट डिंकाचे पट्टे ओढते.

आगरवाडी

आणि मोहोरावर फवारणी? आमच्या शेजारच्या बागेत मोहोर फुललेला असताना भर दहा वाजता औषध मारलं. तुडतुड्याचं काय झालं माहीत नाही, माझ्या दोन पेट्या बसल्या. बोलायला गेले तर म्हणे तुमच्या माश्या माझ्या बागेत आल्याच कशाला.

मधाळ गुहागरी

ताई, यावर माशीकडे काही इलाज नाही. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवायचं: फुलं उमलण्याआधी फवारा, किंवा संध्याकाळी माश्या परतल्यावर. त्या रात्री दार जाळीने बंद करून दुसऱ्या दिवशी उशिरा उघडायचं. हापूसच्या मोहोरावर माश्यांइतक्याच घरमाश्या, निळ्या माश्या राबतात, औषध त्यांनाही मारतं आणि फळधारणा बागवाल्याचीच घटते. हे त्याच्या खिशाच्या भाषेत सांगितलं तर ऐकतात काही जण.

सावली

आमच्या मागच्या चिऱ्याच्या गडग्यात भोकातून माश्या ये-जा करतात. पोकळी मोठी असावी. भोकाला मेणाची नळी नाही, म्हणजे कोती नव्हे ना? पेटीत घेता येतील?

मधाळ गुहागरी

नळी नाही म्हणजे सातेरीच असेल. कोती दाराला डिंक-मेणाची नळी काढतेच. नांगी नसल्यामुळे ती केसांत शिरून चावते आणि शत्रूला डिंक फासते.

घेता येतील, पण ऐन पावसात नको, तेव्हा बाहेर खायला काही नसतं. दसऱ्यानंतर, संध्याकाळी. वरचा चिरा हळूच सरकवायचा, थोडा धूर द्यायचा. धुराने वासाची खूण झाकली जाते आणि माश्या मध पोटात भरायला लागतात, मग डसायला नाखूश असतात. पिल्लांची पोळी सुरीने कापून चौकटीत बसवायची आणि केळीच्या सोपाच्या दोऱ्यांनी बांधायची. माश्या पोळं चौकटीला जोडून घेतात आणि सोप स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात. राणी सापडली पाहिजे, ती पेटीत गेली की बाकीच्या मागून येतात. पहिले काही दिवस दाराला राणी रोखणारी पट्टी लावा, नाहीतर सगळा लवाजमा परत गडग्यात.

सावली

पेटी कुठे मिळेल?

वेंगुर्ल्याचो

खादी ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात इचारा. महाबळेश्वराक त्यांचा मध संचालनालय आसा, थंय शिकवतत पण. आठ चौकटींची सातेरीची पेटी मागा, इटालियन माशीची मोठी पेटी गळ्यात मारून घेव नका.